डोक्यावर दिवली, लक्ष मानेत

शिगम्याआधीची गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात मुलींची दिवली नाचाची तालीम चालली होती. डोक्यावर पितळेची दिवली, तालमीपुरती वात न लावलेली. शिकवणाऱ्या ताईंचा एकच घोष: "ल्हव गो, ल्हव!" म्हणजे सावकाश. उभ्याने फिरणं सगळ्यांना जमत होतं. गुडघे वाकवून खाली बसताना मात्र एकीची दिवली कलली आणि खणकन फरशीवर आली.

त्या पोरीच्या पायांत बळ नव्हतं असं नाही. कमी पडली ती खबर. स्नायूंत चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला, किती वेगाने ताणला, हे ते मज्जारज्जूला सतत कळवतात. कवटीच्या तळाशी, मानेच्या छोट्या स्नायूंत त्यांची दाटी विशेष. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळलं ते सांगतात, आणि लहान मेंदू हे सगळं ताडून बघत हालचाल दुरुस्त करत राहतो. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळतं, ते मुख्यतः स्नायूंतल्या या संवेदकांमुळे. या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दिलं.

ताकद म्हणजे दंडाची बेडकुळी, असं आपण धरून चालतो. १९९२ मध्ये यू आणि कोल या संशोधकांनी करंगळीवर एक प्रयोग केला. काही जणांनी चार आठवडे करंगळी बाजूला रेटण्याचा व्यायाम केला, काहींनी तोच जोर नुसता मनात लावला. पहिल्यांची ताकद ३० टक्के वाढली, दुसऱ्यांची २२! स्नायू जागच्या जागी होता, सुधारला होता तो मेंदूकडून येणारा हुकूम. (म्हणून आरामखुर्चीत पडून मनातल्या मनात जोर-बैठका काढू नयेत. हाडांना आणि हृदयाला खरी मेहनत लागतेच.)

त्याआधी, १९९० मध्ये, अमेरिकेत मारिया फियातारोने या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून पायांनी वजन उचलून घेतलं. नऊ जण आठ आठवडे टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र जेमतेम ९ टक्के. उरलेली वाढ कुठून आली? बरीचशी मज्जातंतूंतून. नव्या व्यायामाचे पहिले काही आठवडे असेच असतात, आणि त्या काळात लक्ष न देता घाईघाईत उरकलेला व्यायाम मला तरी अर्धा वाया गेल्यासारखा वाटतो.

श्वासाचं तर मनगटावर बोट ठेवून बघता येतं. श्वास घेताना नाडी किंचित जलद, लांबवून सोडताना मंद. उच्छ्वासात व्हेगस मज्जातंतूचा लगाम हृदयावर घट्ट होतो. ताई मुलींना बसताना श्वास सोडायला सांगत होत्या, बहुधा हे काही न वाचता.

घरी आल्यावर मी पाट घेतला. हात न टेकता, पाच मोजत त्यावर बसायचं. खाली जाताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलत असतो, त्यामुळे वेग आवरणं हेच खरं काम. पहिल्या दिवशी शेवटची वीतभर धप्पकन कोसळलो, आतून बायको विचारते, "काय पडलं?" महिना झाला. आता शेवटची चार बोटंच हुकतात.