बकुळीच्या भावकीतला चीक आणि रॉयटर्सची तार

हर्णै बंदरात संध्याकाळी होड्या लागतात आणि किनाऱ्यावरच लिलाव सुरू होतो. मुंबईत पापलेटला आज काय भाव निघाला हे ज्याला आधी कळलं, तो बोली लावताना चाचपडत नाही. रॉयटर्स ही वृत्तसंस्था अशाच गरजेतून उभी राहिली. तिचा पहिला माल राजकारण नव्हता, बाजारभाव होता.

१८५० साली बर्लिनची तार जर्मनीच्या सीमेवरल्या आखेन शहरात संपायची आणि पॅरिसची ब्रुसेल्सला. मधल्या सुमारे १२० किलोमीटरमध्ये तारच नव्हती. पॉल ज्युलियस रॉयटरने तिथे कबुतरं लावली. शेअरचे भाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन पक्षी दोनेक तासांत आखेनला पोचे, आगगाडीच्या कितीतरी आधी. कबुतर फक्त आपल्या खुराड्याकडे परततं, म्हणून आखेनची कबुतरं आगगाडीनेच ब्रुसेल्सला न्यावी लागत. पुढे तारा जुळल्या, कबुतरांचं काम संपलं आणि १८५१ मध्ये रॉयटरने लंडनला कचेरी थाटली.

त्याच वर्षी इंग्लंड-फ्रान्समधली समुद्राखालची तार सुरू झाली. आदल्या वर्षीचा प्रयत्न फसला होता. ती तार एका फ्रेंच कोळ्याच्या जाळ्यात अडकून तुटली असं सांगतात. नव्या तारेला म्हणून लोखंडी तारांचं चिलखत चढवलं. पण खरी करामत आतल्या वेष्टनाची, गटापर्चाची. हा मलायातल्या एका झाडाचा चीक. आपली बकुळ, चिकू आणि मोह त्याच कुळातले. चिकूचं देठ तोडल्यावर बोटाला चिकटतो ना, तसलाच हा चीक. पण वाळला की टणक होतो, गरम पाण्यात मऊ पडतो, हवा तसा वळवता येतो. विजेला तो बाहेर जाऊ देत नाही आणि थंड खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. बकुळीचा गजरा माळणाऱ्या आपल्या लोकांना ही भावकी माहीत असायला हवी, असं मला फार वाटतं.

लांब तारेत आणखी एक अडचण होती. आत तांबं, बाहेर समुद्र, मध्ये चिकाचा थर. अशी तार वीज साठवून ठेवते आणि संदेश फिसकटतो. लांबी दुप्पट झाली की हा फिसकटा चौपट. विल्यम थॉमसन या भौतिकशास्त्रज्ञाने हे गणित मांडलं आणि अतिशय क्षीण प्रवाहही टिपणारं, बारीकशा आरशाचं यंत्र बनवलं.

कापसाच्या व्यापारामुळे मुंबईकडे जगाचं लक्ष होतं. १८६६ मध्ये रॉयटर्सची कचेरी इथे आली, आणि १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईपासून लंडनच्या वाटेवरल्या एडन बंदरापर्यंत तार अंथरली. बोटीने आठवडे घेणारी लंडनची बातमी आता काही तासांत येऊ लागली.

आज वर्सोव्याच्या किनाऱ्याला काचेच्या तंतूंच्या केबली लागतात. गटापर्चाची जागा पॉलिथीनने घेतली आहे. जगभर केबली तुटण्याचं मुख्य कारण मात्र अजून तेच आहे : मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर.