वस्तरा फिरवल्याने दाढी दाट येत नाही

मिसरूड फुटलेल्या पोराला जळगाव-धुळ्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘दोन-चार वेळा वस्तरा फिरव, दाढी दाट येते.’ आणि घरीच ट्रिमर चालवणाऱ्याला त्याच तोंडाने भीती घालतात, की रोज चालवशील तर केस राठ होतील. दोन्ही खोटं.

दाढीचा केस वाढतो तो कातडीखालच्या मुळातून. पातं फिरतं वरच्या निर्जीव भागावर. मुळाला त्याची खबरही लागत नाही. अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच पुरुषांच्या दाढीचे केस तपासून हे दाखवलं होतं. जाडी, रंग, वाढीचा वेग, कशातच फरक नाही.

मग हाताला खरखर का लागते? न कापलेला केस टोकाकडे निमुळता असतो. कापला की ज्वारीच्या धसकटासारखा बोथट बुंधा उरतो. आखूड असल्याने तो वाकत नाही, आणि उन्हाने फिका पडलेला नसल्याने काळा दिसतो. सतरा-अठराव्या वर्षी दाढी तशीही भरत जातेच. श्रेय मात्र वस्तरा खातो.

राठपणाची भीती सोडा, पण कोरडी दाढी खरवडू नका. भुसावळला गाडीची वाट बघत उरकायची असेल तर ट्रिमर बरा. पातंच वापरायचं तर आधी दोन-तीन मिनिटं तोंड ओलं ठेवा, केस मऊ पडतात. हात केसांच्या दिशेनेच चालवा. कुरळ्या दाढीत उलट्या हाताने कापलेलं टोक कातडीत वळतं आणि फोड येतो.