लिस्बनची प्राझेरेश दफनभूमी: पार्श्वभूमी

लिस्बनच्या पश्चिम टोकाची प्राझेरेश दफनभूमी 1833 साली सुरू झाली, ती कॉलऱ्यामुळे. पोर्तुगालच्या गादीसाठी दोम पेद्रू आणि दोम मिगेल या भावांची यादवी पेटलेली असताना त्या वर्षाच्या आरंभी पोर्तू शहराच्या मदतीला सैन्य घेऊन आलेल्या जहाजाबरोबर रोग देशात शिरला आणि काही महिन्यांत राजधानीत पोचला. तेव्हा पश्चिमेला प्राझेरेश आणि पूर्वेला आल्तु द सांव जुआंव अशा दोन जागा घेतल्या गेल्या. प्राझेरेश हे नाव तिथल्या मळ्यातल्या मरियेच्या लहान देवळाचे.

तोवर माणसे पुरली जात ती मुख्यतः चर्चच्या फरशीखाली. वसईच्या किल्ल्यातली किंवा जुन्या गोव्यातली चर्चे पाहिलेल्यांना जमिनीतल्या कोरीव शिळा आठवतील, रिवाज तोच. त्यात अडचण जागेची होती. कबरी मोजक्या, त्यामुळे आधीचे प्रेत पुरते विरण्याआधीच शिळा उचलावी लागे आणि बंद सभागृहात दुर्गंधी पसरे. साथीत तर ही व्यवस्था कोलमडलीच. रोग दूषित हवेतून येतो, असे तेव्हाचे डॉक्टर मानत. कॉलरा पाण्यातून पसरतो, म्हणजे निदान चुकीचे. तरी वस्तीबाहेर दफन करण्याचा उपाय त्यातूनच पुढे आला.

1835 च्या फर्मानाने गावोगावी सार्वजनिक दफनभूमी सक्तीची झाली, पण अंमल रेंगाळला. 1844 च्या आरोग्य कायद्याने चर्चमधले दफन बंद केले, वर दफनाआधी मृत्यूची तपासणी आणि शुल्क लावले. उत्तरेकडच्या मिन्यू प्रांतात लोक भडकले. पूर्वजांपासून, वेदीपासून दूर, उघड्या माळावर आपले माणूस ठेवायचे हे त्यांना सहन होईना. 1846 च्या मार्चमध्ये बायकांनी सुरू केलेला हा उठाव ‘मारिया द फोंत’ म्हणून ओळखला जातो. करांवरचा रागही त्यात मिसळला आणि मे महिन्यात कोश्ता काब्राल यांचे सरकार गेले.

लिस्बनच्या श्रीमंतांनी मात्र वेगळी वाट काढली: जाझीगु, म्हणजे दार-छप्पर असलेली घराण्याची छोटी प्रार्थनाघरे. आत फळ्यांवर शवपेट्या रचलेल्या. मृत आप्त छपराखालीच, वेदीजवळच राहिले. नवी दफनभूमी या वर्गाने स्वीकारली ती यामुळेच, असे आम्हाला वाटते. 1849 मध्ये पूर्ण झालेले, जुझेप्पे चिनाती यांच्या आराखड्याचे पाल्मेला घराण्याचे पिरॅमिडच्या आकाराचे स्मारक हे याचे सर्वांत भव्य उदाहरण.

पण न पुरता जमिनीच्या वर ठेवलेल्या पेटीत वायू साठतो. सांधा सुटला की गळती होते. म्हणून आजच्या कायद्यात जाझीगुतल्या पेटीसाठी किमान 0.4 मिलिमीटर जाडीचा जस्ताचा पत्रा लागतो. झाळून बंद करण्यापूर्वी पेटीत कुजणे वेगाने होईल असे पदार्थ घालावे लागतात, किंवा वायूचा दाब रोखणारी गाळणी बसवावी लागते. मातीतली कबर 3 वर्षांच्या आत उघडता येत नाही. तेव्हाही प्रेत विरलेले नसेल, तर पुन्हा माती लोटून आणखी 2 वर्षे थांबायचे, आणि तरीही नसेल तर पुन्हा 2 वर्षे.