लेणी पांडवांनी नाही कोरली

डोंगरात लेणं दिसलं की 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं' असं ठाण्यात सर्रास सांगतात. खरं उत्तर भिंतींवरच, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेलं आहे.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरापलीकडे, त्याच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या दात्यांमध्ये कल्याणचे लोक भेटतात. एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिलं. पावसाळा संपल्यावर डोंगरावर भिक्खूंना राहायचं तर टाकं हवंच, म्हणून हे दान फार मोलाचं.

आणि भिक्खूंचा खर्च चालायचा कसा? ते नाशिकला कळतं. नाशिकच्या लेण्यांना तर नावच 'पांडवलेणी' पडलंय! तिथे १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे व्यावसायिक संघात, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षाचं व्याज २४०, त्यातून २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशोब चोख जुळतो. बौद्ध संघ टिकला तो अशा ठेवींवर आणि व्यापारी, कारागिरांच्या दानांवर.

एका रात्रीचं म्हणाल तर कान्हेरीत अर्धवट सोडलेली लेणी आहेत, तीच पाहा. खडक वरून खाली कोरत यायचे, छत आधी, जमीन शेवटी. म्हणजे परांच्या बांधाव्या लागत नाहीत. काम थांबलं तिथे छिन्नीचे घाव अजून दिसतात.