स्पिन बाईक की साधी एक्सरसाइज बाईक, नक्की कुठली घ्यायची?

घरात सायकलिंग सुरू करायचं ठरवलं की पहिला घोळ इथेच होतो. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, सीट, हँडल, पॅडल, पुढे एक चाक, मग वेगळं काय ते कळतच नाही. फरक कळायला एकच करायचं, जरा जोरात पॅडल मारायचं आणि पाय थांबवून बघायचे.

साध्या बाईकवर, म्हणजे जिला अपराइट म्हणतात तिच्यावर, बहुतेक वेळा पाय थांबले की पॅडलही थांबतं, काही विषय नाही. स्पिन बाईकचं फ्लायव्हील, म्हणजे ते पुढचं चाक, मात्र जड असतं, बऱ्याच मॉडेल्सना १३ ते २० किलोच्या आसपास, आणि ते सहसा पॅडलला थेट जोडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार आणि सोबत तुमचे पायही! नवीन माणूस दमला की पटकन पाय काढायला जातो आणि फिरतं पॅडल खाडकन नडगीवर बसतं. म्हणून बसल्याबसल्या आधी रेझिस्टन्सचा, म्हणजे पॅडल जड-हलकं करायचा, नॉब बघून ठेवा, बहुतेक स्पिन बाईकवर तोच खाली दाबला की ब्रेक लागतो. आणि हो, बुटाची लेस आत खोचा.

अपराइटवर रेझिस्टन्सला लेव्हल असतात, काल ४ वर केलं आज ५ वर करू असा हिशोब ठेवता येतो (पण तुमची ५ आणि मित्राच्या मशीनची ५ सारखी नसते, उगाच तुलना नको). साध्या स्पिन बाईकवर आकडेच नसतात, नॉब फिरवा आणि मांड्यांना विचारा. आवाजाचं म्हणाल तर ते प्रकारावर नाही, ब्रेकवर आहे, चाकावर घासणारा पॅड असेल तर तो झिजतो आणि घरघर करतो, मॅग्नेटिकमध्ये चाक चुंबकाने रोखतात, काही घासतच नाही म्हणून शांत.

माझं मत विचाराल तर सिरीज बघत बघत अर्धा तास पाय हलवायचेत, गुडघे कुरकुरतात, व्यायामाची सवय नाही, तर सरळ अपराइट घ्या, पाठ ताठ राहते आणि सीटही रुंद असते. उभं राहून चढ मारायचाय, इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून) करायचेत तर स्पिनच, कारण हलक्या अपराइटवर उभं राहिलात की ती डुगडुगते.

सीटची उंची दोन्हीकडे सारखीच लावायची, पॅडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवून चालवताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सुरुवातीला १५-२० मिनिटं, बोलता येईल इतक्याच दमात, बास. स्क्रीनवरच्या कॅलरी अंदाजपंचे असतात, त्या बघून जास्तीचं खाऊ नका. आणि पहिले काही दिवस बूड दुखणारच, स्पिनच्या अरुंद सीटवर तर जास्तच, तेव्हा लगेच बाईक विकायला काढू नका, आधी पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घालून बघा.