हॉटेल लाइनचा फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

लातुरात दहावी झाली की घरात एकच विषय, नीट नाहीतर जेईई. तरी दरवर्षी आमच्या फॉर्म भरायच्या सेंटरवर काही पोरंपोरी आयटीआयच्या फॉर्मला हॉटेलचा ट्रेड, म्हणजे कोर्स, टाका म्हणून येतात आणि मागं उभे असलेले वडील विचारतात, काय हो, शिकून ताटंच उचलायची का? त्यांच्यासाठी हे लिहायलोत.

फूड प्रॉडक्शन जनरल (स्वयंपाक), बेकर अँड कन्फेक्शनर (बेकरी), फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असिस्टंट (वाढायचं काम) हे ट्रेड दहावी पासवर आहेत, एक वर्षाचे. पोरं हे घेतात त्याचं मोठं कारण हेच की वर्षभरात हाताला काम लागतं आणि सरकारी आयटीआयची फी क्लासच्या फीपुढं काहीच नाही. पुस्तकात मन लागत नाही पण हात चालतो अशा लेकराला तर हे लई मानवतं.

आता ते शिकतात काय ते बघा. कांदा एकसारखा चिरायला शिकवतात, दिसायला चांगला म्हणून नाही, बारीक-जाड तुकडे एका कढईत पडले तर बारीक करपतात अन् जाड कच्चे राहतात म्हणून. कच्च्या मटणाचा चिरायचा बोर्ड वेगळा, भाजीचा वेगळा. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न ठेवलं की जंतू झपाट्यानं वाढतात हे शिकवतात, आणि आपल्याकडं मे महिन्याच्या लग्नात दुपारी केलेली पनीरची भाजी रात्रीच्या पंगतीपर्यंत तशीच झाकून ठेवतात, हे माहीत असलेला माणूस तिथं पाहिजे की नको तुम्हीच सांगा.

काम कुठं? अजिंठा-वेरूळमुळं संभाजीनगरात हॉटेलं आहेत, नांदेडला गुरुद्वारा, तुळजापूरला देवी, बारा महिने माणसं येतात. वाळूजच्या कंपन्यांची कॅन्टीन आहेत, दवाखान्यांची किचन आहेत, पुणे-मुंबई तर आहेच. अप्रेंटिसशिप मिळाली तर शिकता शिकता स्टायपेंड मिळतो, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यातच तशी सोय आहे. बेकरीवाल्या पोरी एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन काढून घरूनच केकच्या ऑर्डरी घेऊ शकतात, आम्हाला तर हा रस्ता फार चांगला वाटतो.

पण एक स्पष्ट सांगतो, दिवसभर उभं राहावं लागतं, शिफ्ट असते, दिवाळीत सगळे घरी अन् तुमचं लेकरू ड्युटीवर असं होणार. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. हे लेकराला आधी सांगा, मग फॉर्म भरा. ज्याला डिग्रीच करायची त्यानं बारावी करावी, मग सीईटी देऊन बीएचएमसीटी ही हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री, ती चार वर्षांची, नाहीतर एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटचीच देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी.

हे ट्रेड प्रत्येक आयटीआयला नाहीत, त्यामुळं पसंतीक्रम टाकायच्या आधी त्या आयटीआयचं किचन स्वतः जाऊन बघा, ओव्हन चालू आहे का, प्रॅक्टिकलला सामान मिळतं का, तिथल्याच पोरांना विचारा. येताना मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला घेऊन या, आणि स्कॉलरशिप पाहिजे तर आधार बँकेला लिंक करूनच या.