निळं का गुलाबी? हायड्रेंजियाची मागची गोष्ट

खानापूरच्या मावशीकडं हायड्रेंजिया निळाशार फुलतो, लाडवाएवढा गेंद. त्याचीच फांदी बैलहोंगलला वन्संनी कुंडीत लावली तर फूल आलं गुलाबी, आणि मग फोनवर "दुसरीच फांदी दिलीस की ओ" म्हणून रुसवा. फांदी तीच होती, माती बदलली.

हा घोळ आजचा नाही. झाड मूळचं जपानचं, तिकडं आजिसाई म्हणतात. युरोपच्या माणसांना तेव्हा नागासाकीजवळच्या देजिमा बेटाबाहेर फारसं फिरू देत नव्हते, तिथं डच कंपनीचा डॉक्टर म्हणून आलेल्या थुनबर्गनं 1784 ला याचं वर्णन छापलं पण नाव दिलं भलत्याच झाडाच्या कुळातलं. हायड्रेंजिया हे नाव तर त्याआधीच 1739 ला अमेरिकेतल्या एका भावंडाला मिळालेलं, ग्रीकमध्ये अर्थ पाण्याचं भांडं, कारण बोंड बारक्या घागरीसारखं दिसतं. पुढं 1823 ला त्याच बेटावर आलेल्या सीबोल्ट या जर्मन डॉक्टरनं एका जातीला ओताक्सा नाव दिलं, ते त्याच्या जपानी बायकोचं, ओ-ताकी-सान. नंतर त्याला देशाबाहेर काढलं, बायको-मुलगी तिकडंच राहिली. ती मुलगी इने पुढं डॉक्टर झाली, हे मला फुलापेक्षा भारी वाटतं.

झाड युरोपात गेल्यावर तिथल्या माळ्यांनाही रंग का बदलतो कळेना, कोण गंजके खिळे पुरायचे. खरी गंमत लोखंडात नाही, अल्युमिनियममध्ये. माती आंबट असली, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकी माती आंबट) साधारण 5.5 च्या खाली, की अल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतं आणि फूल निळं, 6.5 च्या वर गेलं की ते मातीतच अडकतं आणि गुलाबी. पांढऱ्या जातींना मात्र हे लागू नाही. आणि रंग दिसतो त्या पाकळ्या नव्हेतच, शाळेत शिकलो ती निदलं, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरची पानं.

आता आपला बेळगाव जिल्हा बघा, पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, धो धो पाऊस, जांभ्याची तांबडी आंबट माती. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी, चुनखडीची. एकाच जिल्ह्यात दोन्ही रंग!

वन्संनी यंदा मावशीकडून पोतंभर तांबडी माती नेली, पण पाणी बोअरचंच, जड, चुन्याचं, कुंडीच्या काठावर पांढरा थर साचतो. फूल आलं जांभळट, धड ना निळं ना गुलाबी. आता पावसाचं पाणी धरायला गच्चीवर पिंप ठेवलंय.